शाळा, संप आणि मेस्मा

मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना मेस्मा लावला. मेस्मा म्हणजे महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा. एखादी सेवा या कायद्याखाली आली की त्या सेवेतल्या माणसाने संप करणे हा गुन्हा ठरतो. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात आणि शिक्षा तुरुंगवासाची असते. या बायकांनी आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०१७ पासून, २६ दिवसांचा संप केला होता. तेव्हा सेविकेला महिन्याला पाच हजार रुपये मिळत होते आणि मदतनिसाला अडीच हजार. संपानंतर ते साडेसहा हजार आणि साडेतीन हजार झाले. पुन्हा असा संप होऊ नये म्हणून सरकारने कायद्याचे हत्यार काढले. विधानसभेत गदारोळ झाला, सत्तेत भागीदार असलेल्या शिवसेनेनेही विरोध केला आणि काही दिवसांतच मुख्यमंत्र्यांना त्या आदेशाला स्थगिती द्यावी लागली.

प्रसंग थोडक्यात संपला, पण त्यातून निघालेला प्रश्न अजून उभा आहे. सरकारच्या लेखी अंगणवाडी सेविका ही कर्मचारी नव्हतीच. ती मानसेवी होती. तिला पगार नव्हता, मानधन होते. वेतनश्रेणी नाही, निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो २०२२ च्या एप्रिलमध्ये, गुजरातमधल्या सेविकांच्या खटल्यात. त्या निकालात न्यायालयाने हे मानधन म्हणजे वेतनच असल्याचे सांगितले. म्हणजे २०१८ साली स्थिती अशी होती की तीन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवणारी आणि जेवू घालणारी बाई हक्क मागायला आली की स्वयंसेविका ठरत होती आणि काम थांबवू म्हणाली की अत्यावश्यक. शिक्षण ही अत्यावश्यक सेवा मानावी का, आणि शिक्षकाला संपाचा हक्क असावा का, या प्रश्नाची चर्चा मला इथूनच सुरू करावीशी वाटते. वरच्या पायरीवरच्या प्राध्यापकापासून सुरुवात केली तर प्रश्नाचा हा भाग नजरेआड होतो.

अत्यावश्यक कशाला म्हणायचे, याची एक कसोटी जगात पूर्वीपासून आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या संघटन-स्वातंत्र्य समितीने ती अनेक तक्रारींवर निर्णय देताना घडवली. जी सेवा बंद पडली तर लोकांच्या जिवाला, वैयक्तिक सुरक्षिततेला किंवा आरोग्याला धोका होतो, तीच खऱ्या अर्थाने अत्यावश्यक. रुग्णालय, वीज, पाणी, अग्निशमन, विमानांचे हवाई नियंत्रण या सेवा त्यात येतात. शिक्षण येत नाही, असे समितीने वारंवार नमूद केले आहे. मुख्याध्यापक आणि उपमुख्याध्यापकांच्या संपावर बंधन घालता येईल, इतकी मुभा तिने सरकारांना दिली. वर्गातल्या शिक्षकाबद्दल दिली नाही. संप फार लांबला तर किमान सेवा ठरवून द्यावी, हाही मार्ग तिने खुला ठेवला.

आपला कायदा अशी कसोटी लावतच नाही. जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी पाच दिवसांचा संप केला तेव्हा तो मोडण्यासाठी अत्यावश्यक सेवांचा वटहुकूम निघाला. सप्टेंबर १९६८ मध्ये एक दिवसाचा संप झाला, तेव्हा पुन्हा वटहुकूम आला आणि मागोमाग कायदा. १९८१ चा केंद्रीय ‘एस्मा’ याच वाटेने आला. राज्यांनीही आपापले कायदे केले. संप समोर उभा राहिल्यावर घाईने केलेले हे कायदे आहेत. त्यामुळे सेवा थांबल्यावर कोणाचे काय आणि किती बिघडेल, हे त्यांत कोणी मोजत नाही. सरकारने राजपत्रात जाहीर केले की ती सेवा अत्यावश्यक झाली. मध्य प्रदेशात बोर्डाच्या परीक्षांच्या हंगामात परीक्षेच्या कामाला एस्मा लावण्याची प्रथाच पडली आहे. महाराष्ट्रात १४ मार्च २०२३ रोजी जुन्या पेन्शनसाठी सतरा-अठरा लाख सरकारी-निमसरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. मेस्माचे नवे विधेयक विधिमंडळात मंजूर झाले तेही त्याच दिवशी.

आता शिक्षकाचे कायद्यातले स्थान पाहू. हा भाग गुंतागुंतीचा आहे, पण तो सोडून पुढे गेले तर शिक्षक रस्त्यावर का येतात हे कधीच कळणार नाही.

कारखान्यातल्या कामगाराला १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने एक वाट दिली. आधी नोटीस द्यायची, मग समेटाची बोलणी, मग लवाद किंवा न्यायाधिकरण. या चौकटीत राहून केलेला संप कायदेशीर असे. शिक्षकाला ही वाट मिळावी का? १९६३ साली दिल्ली विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, शिक्षणसंस्था हा उद्योगच नव्हे. १९७८ साली बंगलोर वॉटर सप्लायच्या गाजलेल्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी उद्योगाची व्याख्या रुंद केली आणि शिक्षणसंस्थाही तीत आल्या. दार उघडले असे वाटले. मग गोव्यातले प्रकरण आले. पणजीजवळच्या करंझाळे येथील एका शाळेतल्या शिक्षिकेला १९७५ मध्ये कामावरून काढले होते. तिचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८८ मध्ये निकाल लागला. शाळा हा उद्योग आहे, पण शिक्षक हा त्या कायद्याच्या व्याख्येतला कामगार नाही, कारण शिकवणे हे अंगमेहनतीचे, तांत्रिक, कारकुनी किंवा पर्यवेक्षणाचे काम नव्हे. म्हणजे शाळेतल्या शिपायाला औद्योगिक न्यायालयाचे दार उघडे आणि शिक्षिकेला बंद.

त्याच निकालाच्या शेवटी न्यायालयाने एक गोष्ट नोंदवली आहे, ती फारशी कोणी आठवत नाही. शिक्षक आणि व्यवस्थापन यांच्यातले वाद सोडवायला गोव्याने योग्य तो कायदा करावा, असे न्यायालयाने सुचवले. व्याख्येमुळे त्या शिक्षिकेला दाद देता आली नाही, तरी असा कायदा नसणे बरोबर नाही, हे न्यायाधीशांना दिसत होते.

महाराष्ट्रात खासगी शाळांसाठी १९७७ चा सेवाशर्ती कायदा आहे आणि त्याखाली शाळा न्यायाधिकरणे आहेत. हा कायदा फार मोलाचा आहे. संस्थाचालकाने मनमानी करून शिक्षकाला काढले तर दाद मागता येते. पण तिथे दाद आहे ती बडतर्फी, निलंबन, पदावनती अशा एकेकाच्या प्रकरणांची. हजारो शिक्षकांची मिळून एक मागणी असेल, म्हणजे वेतनश्रेणी, अनुदानाचा टप्पा, निवृत्तिवेतन, शाळाबाह्य कामे, तर ती ऐकून बंधनकारक निवाडा देणारे कोणीही नाही. राहिला तो मोर्चा, काळ्या फिती, आझाद मैदान आणि शेवटी संप.

त्या संपाचे काय? १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने बँक कर्मचाऱ्यांच्या खटल्यात सांगितले की संघटना स्थापन करण्याच्या मूलभूत हक्कात संपाचा हक्क आपोआप येत नाही. २००३ साली त्याच्या कितीतरी पुढचे पाऊल पडले. तामिळनाडूत जुलैच्या सुरुवातीला सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांनी संप पुकारला. जयललिता सरकारने वटहुकूम काढून सुमारे १ लाख ७० हजार जणांना काही दिवसांत बडतर्फ केले. ६ ऑगस्ट २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुतेकांना कामावर परत घेण्याची वाट काढली, त्यासाठी बिनशर्त माफी आणि पुन्हा संप न करण्याची हमी लिहून घेतली. सरकारी कर्मचाऱ्याला संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक कुठलाच हक्क नाही, असे निकालात म्हटले. कायदेशीर हक्क नाही हे मी समजू शकतो. आचारसंहितेचे नियम तसे आहेत, राज्य कर्मचाऱ्यांसाठी आणि जिल्हा परिषदांच्या शिक्षकांसाठीही. पण नैतिक हक्कसुद्धा नाही, हे मला पटत नाही. कोणतीही दाद न देणाऱ्या व्यवस्थेसमोर काम थांबवणाऱ्याला नीतीचा आधारच नाही, असे म्हणताना त्या व्यवस्थेला काहीच विचारले जात नाही.

एवढे म्हटल्यावर मुलांच्या नुकसानीबद्दल बोलणे भाग आहे, आणि ते नुकसान खरे आहे. अर्जेंटिनामध्ये लोकशाही परतल्यानंतर, म्हणजे १९८३ नंतर, शिक्षकांचे संप जवळजवळ नेहमीचे झाले. हाउमे आणि विलेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी प्राथमिक शाळेत असताना संप अनुभवलेल्या मुलांचे पुढचे आयुष्य तपासले. त्या मुलांच्या वाट्याला प्राथमिकच्या वर्षांत मिळून सरासरी ८८ दिवसांचे संप आले होते. मोठेपणी त्यांतल्या पुरुषांची कमाई ३.२ टक्क्यांनी आणि स्त्रियांची १.९ टक्क्यांनी कमी भरली. आकडे लहान वाटतील, पण ते आयुष्यभर दर महिन्याला पगारातून कापले जाणारे आकडे आहेत. शिवाय हे नुकसान सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाही. ज्याच्या घरी शिकवणीचे पैसे आहेत त्याचे फार अडत नाही. अडते ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाचे, ज्याचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत आणि ज्याला घरात दुसरे कोणी शिकवणारे नाही. मार्च २०२३ च्या संपाच्या आठवड्यात दहावीची परीक्षा सुरू होती. एका वर्षावर पुढचे सगळे ठरणाऱ्या त्या वयात परीक्षा होईल की नाही अशी धास्ती मुलांना देणे हे कोणाही शिक्षकाला सुखाचे नसते.

पण याच अभ्यासातून मला आणखी एक गोष्ट वाचता येते. ८८ दिवस हा एका संपाचा आकडा नाही. तो वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा झालेल्या संपांचा आहे, म्हणजे वाद मिटवण्याची यंत्रणा मोडून पडलेल्या देशाचा. डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष मिलेई यांनी एका आदेशाने तिथे शिक्षण अत्यावश्यक सेवा म्हणून जाहीर केले आणि संपातही ७५ टक्के सेवा चालू ठेवण्याची सक्ती केली. त्या आदेशातल्या कामगारविषयक प्रकरणाला न्यायालयांनी स्थगिती दिली.

वाद मिटवण्याची यंत्रणा नसली की संप लांबतात, हे महाराष्ट्रातले अनुभवही सांगतात. डिसेंबर १९७७ मध्ये सुरू झालेला राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप जुन्या पिढीला आठवत असेल. र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखालचा तो लढा केंद्राप्रमाणे महागाई भत्ता मिळावा म्हणून होता. २०१३ मध्ये महाविद्यालयीन प्राध्यापकांनी फेब्रुवारीपासून मेपर्यंत परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला. वर्ग चालू, शिकवणे चालू, पण पेपर काढणे आणि तपासणे बंद. विद्यार्थ्यांना झालेला मनस्ताप मोठा होता आणि त्या बहिष्कारावर झालेली टीका मला पूर्णपणे अन्याय्य वाटत नाही. परीक्षा ही अशी जागा आहे की तिथे हात आखडला तर त्रास थेट मुलाला होतो, सरकारला नंतर. पण वेतन आयोगाच्या थकबाकीसारख्या प्रश्नावर तीन महिने तोडगा न निघणे ही एका बाजूची हट्टाची गोष्ट असू शकत नाही. २०२३ च्या संपातही तसेच. संप सात दिवसांत मागे घेतला गेला, निवृत्त अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली आणि साधारण वर्षभराने शेवटच्या पगाराच्या ५० टक्के निवृत्तिवेतनाचा पर्याय पुढे आला. नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेले लोक हे इतकी वर्षे मागत होते. समिती आधीच नेमता आली असती.

शाळेत असे काय आहे जे थांबवता येत नाही? गणिताचा तास आठवडाभर बुडाला तर रविवारी, दिवाळीच्या सुट्टीत भरून काढता येतो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा चालणे बंधनकारक केले आहे. बुडालेले दिवस भरून द्यायचे, हे मोजायला कायद्याचे मापही तयार आहे. जेवणाचे तसे नाही. आज न मिळालेले जेवण पुढच्या रविवारी भरून काढता येत नाही.

४ डिसेंबर २०२३ ते २५ जानेवारी २०२४, असे ५२ दिवस महाराष्ट्रातल्या अंगणवाड्या संपावर होत्या. सेविकेचे मानधन तोपर्यंत दहा हजार झाले होते, मदतनिसाचे साडेपाच हजार. मागणी होती वाढीव मानधनाची, निवृत्तिवेतनाची आणि ग्रॅच्युइटी प्रत्यक्षात देण्याची. मागण्या न्याय्य होत्या, यात मला तिळमात्र शंका नाही. पण मेळघाटात, नंदुरबारच्या डोंगरात अंगणवाडी म्हणजे गरोदर बाईचे एक वेळचे पूर्ण जेवण असते, अमृत आहार योजनेतले, आणि मुलाचे अंडे असते. वजन घटलेले मूल नोंदवहीत आधी सेविकेलाच दिसते. हा भाग श्रम संघटनेच्या कसोटीलाही उतरतो, कारण तो आरोग्याचा आहे. म्हणून अंगणवाडीतला आहार आणि कुपोषित मुलांवरची नजर, शाळेतले मध्यान्ह भोजन आणि बोर्डाच्या परीक्षेचे प्रत्यक्ष दिवस एवढ्यापुरती किमान सेवा ठरवावी, असे माझे मत आहे. बाकीच्या शिक्षणाला अत्यावश्यक सेवेच्या कायद्यात ओढू नये.

हे शिक्षकांना परके वाटेल असे मुळीच नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात सगळ्या ५५ परगण्यांतले शिक्षक संपावर गेले. तिथेही त्यांना संपाचा कायदेशीर हक्क नव्हता. पण शाळेच्या जेवणावरच दिवस काढणारी मुले तिथे खूप आहेत, हे त्यांना ठाऊक होते. संपापूर्वी आणि संपाच्या दिवसांत त्यांनी स्वतः डबे भरले, पिशव्या बांधल्या आणि मुलांच्या घरी पोचवल्या. साधारण दोन आठवड्यांनी राज्याने पाच टक्के वेतनवाढ मान्य केली. किमान सेवा काय असावी, हे तिथल्या शिक्षकांनी सरकारी आदेशाची वाट न पाहता ठरवले होते. आपल्याकडेही संघटना आणि सरकार यांनी शांततेच्या काळात बसून ही यादी करावी. संप सुरू झाल्यावर ती करायला गेले तर दोन्ही बाजूंना ती डावपेच वाटते.

सरकारला स्वतःला शाळा किती अत्यावश्यक वाटते, याचा पुरावा फार जुना नाही. २४ मार्च २०२० च्या टाळेबंदीच्या आदेशात अत्यावश्यक म्हणून चालू ठेवायच्या सेवांची यादी होती आणि सर्व शिक्षणसंस्था बंद ठेवायच्या होत्या. संसर्गाची भीती खरी होती, तो निर्णय त्या दिवशी समजण्यासारखा होता. पण महाराष्ट्रातल्या खेड्यांत पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरले ते १ डिसेंबर २०२१ रोजी. वीस महिन्यांहून अधिक काळ. या काळात शिक्षक घरी बसले नव्हते. ते तपासणी नाक्यांवर होते, रेशन दुकानांवर होते, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या घरोघरच्या सर्वेक्षणात होते. शिक्षक अत्यावश्यक ठरला, शिकवणे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज बिगरशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नयेत असे सांगितले आहे. कलम २६ सांगते की मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त पदे रिकामी राहता कामा नयेत. मूल शाळेत येऊनही त्याला शिक्षक न मिळणे हाही शिक्षणातला खंडच आहे आणि त्याला कोणी मेस्मा लावत नाही.

संपावर पूर्ण बंदी घालणारे आणि तरीही न्याय्य म्हणता येईल असे उदाहरण जगात नाही असे नाही. जर्मनीत बहुसंख्य शिक्षक कायम सरकारी सेवेत असतात आणि त्यांना संप करता येत नाही. चार शिक्षकांनी ही बंदी आव्हानित केली. २०१८ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ती वैध ठरवली. पण का, हे वाचले पाहिजे. तिथे बंदीच्या बदल्यात आयुष्यभराची नोकरी आहे, सरकारने प्रतिष्ठेने जगता येईल इतके वेतन देण्याची घटनात्मक जबाबदारी आहे, ते अपुरे वाटले तर न्यायालयात जाऊन वाढवून घेता येते आणि सेवानियम ठरताना संघटनांचे म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे. हे सगळे असल्यामुळे बंदी टिकली. आपल्याकडे आपण फक्त बंदी उचलतो. तीन वर्षे ठरावीक मानधनावर राबणारा शिक्षणसेवक, विनाअनुदानित शाळेत वर्षानुवर्षे बिनपगारी किंवा अर्ध्या पगारावर शिकवणारा शिक्षक आणि अंगणवाडीतली सेविका यांना जर्मन शिक्षकाचे बंधन घालायचे असेल तर आधी जर्मन शिक्षकाचा करार द्यावा लागेल.

तो द्यायला आपल्याकडे काहीच नमुना नाही, असेही नाही. १९६० च्या संपानंतर केंद्र सरकारने बराच विचार करून १९६६ मध्ये संयुक्त सल्लागार यंत्रणा सुरू केली. तीत वेतन व भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा या विषयांवर बोलणी फिसकटली तर सक्तीच्या लवादाची सोय आहे. संसदेचा अंतिम अधिकार राखून हा निवाडा दोन्ही बाजूंवर बंधनकारक असतो. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला पॅरिसमध्ये युनेस्को आणि श्रम संघटनेने शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस स्वीकारली. तीतही हाच क्रम आहे. आधी वाद सोडवणारी यंत्रणा द्या, ती अपयशी ठरली तर इतर संघटनांना खुले असलेले मार्ग शिक्षक संघटनांनाही खुले असावेत. राज्यातल्या शिक्षकांसाठी असा लवाद नेमायला नवा मोठा कायदासुद्धा लागू नये. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४, पोटकलम ३ म्हणते की शिक्षकांच्या तक्रारी असल्यास त्या विहित केलेल्या रीतीने सोडवल्या जातील. १ एप्रिल २०१० पासून हे कलम लागू आहे. त्या रीतीत निवृत्त न्यायाधीश, संघटनांचा प्रतिनिधी, सरकारचा प्रतिनिधी आणि निवाड्याला तीन किंवा चार महिन्यांची मुदत एवढे लिहिले, आणि अंगणवाडी सेविकेला त्यात शिक्षक म्हणून धरले, तर मार्च २०१८ सारखा आदेश काढण्याची वेळ कोणत्याही सरकारवर क्वचितच येईल.